प्रस्थानाचे बारा दिवस

कॅनडाच्या सरकारला माझे एक हजार पंच्याण्णव दिवस हवे होते. त्यातले बारा माझ्या मोठेबाबांनी खाल्ले. हे वाक्य मी आजवर इतक्या जणांना ऐकवलं आहे की ते मला पाठ झालंय, आणि ऐकणारा हसायला लागला की मला त्याचाही राग येतो. मी डूख धरणारी बाई आहे. शाळेत एका मुलीने माझी कंपासपेटी मुद्दाम पायाखाली चेपली होती. मी सहा महिने काही बोलले नाही. वार्षिक परीक्षेच्या सकाळी तिची शाईची दौत तिच्याच दप्तरात उपडी केली. वडिलांना हे कळलं तेव्हा ते रागावले, पण संध्याकाळी मोठेबाबांना सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. या पोरीचा राग लोणच्यासारखा मुरतो, असं ते म्हणाले.

आमचं घर बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यात. घरात माणसं तीन. वडील, त्यांचे थोरले भाऊ म्हणजे मोठेबाबा, आणि मी. आई मी चार वर्षांची असताना गेली. मोठेबाबांची बायको त्याच्याही आधी, मूलबाळ न होता. वडील डोईफोडियाच्या शाळेत मास्तर होते आणि मोठेबाबा खकनारच्या तहसीलीत बाबू. सकाळी दोघे भाऊ एकाच बसने निघायचे आणि दिवेलागणीला एकाच बसने परतायचे. वडील मवाळ होते, त्यांना कुणीही गुंडाळावं. मोठेबाबांचं सगळं तारखेवर चालायचं. लोकांना पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, तारखा देण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, आणि मुदतीच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या अर्जाला त्यांनी कधी हात लावला नाही, मग तो आमच्या नात्यातल्या माणसाचा का असेना. तहसीलीत कॅलेंडर आणि घरात पंचांग. नखं कधी कापायची, मला नवा फ्रॉक कधी घालायचा, हेसुद्धा ते चष्मा पुसून पंचांगात बघायचे.

मी मातीचा अभ्यास करायला कॅनडात गेले तेव्हा त्यांनी विरोध केला नाही. मुहूर्त तेवढा काढून दिला.

आता ते दिवसांचं प्रकरण सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या काळी तिथला नियम असा होता की नागरिकत्व हवं असेल तर मागच्या चार वर्षांत तीन वर्षांइतके दिवस त्या देशाच्या जमिनीवर काढलेले असले पाहिजेत. सुट्टीत घरी आलात तर तेवढे दिवस वजा. आणि कायम वास्तव्याचा कागद हातात पडायच्या आधीचा, म्हणजे विद्यार्थी म्हणून काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरायचा. अर्धा. मी सकाळी सातला प्रयोगशाळेत माती चाळायला बसायची, दुपारी शिकवायची, संध्याकाळी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची, आणि एवढं करून माझा दिवस निम्माच भरायचा. उरलेला निम्मा दिवस मी कुठे होते, हे त्यांना विचारायची मला फार इच्छा होती.

मी भिंतीवर कॅलेंडर लावलं होतं. अर्ध्या दिवसावर एक तिरकी रेघ, पुऱ्या दिवसावर फुली. एम.एस्सी. संपून पीएच.डी. सुरू झाली त्या सुमाराला कायम वास्तव्याचा कागद आला आणि रेघांच्या जागी फुल्या सुरू झाल्या. त्या दिवशी मी स्वतःसाठी शिरा केला. तिथलं जगणं अंगवळणी पडत होतं. कोट कसा घालायचा, बसमध्ये शेजारच्याशी न बोलता कसं बसायचं, बर्फावर पाय कसा टाकायचा, हे सगळं मी शिकले. पण मुळाशी माझं काम एकच होतं, दिवस भरणं.

त्या चार वर्षांत मी तीनदा बुऱ्हाणपूरला आले, आणि तिन्ही वेळा परतीचं तिकीट नेमकं वाईट दिवशी पडलं. दोनदा शुक्रवार, एकदा रविवार. हे दोन वार पश्चिमेकडे जायला वर्ज्य, आणि मुंबईचा रस्ता पश्चिमेचा.

पहिल्यांदा मी म्हटलं, "मोठेबाबा, विमान तर शुक्रवारचंच आहे. ते माझ्यासाठी थांबणार नाही."

"त्याले कोन थांब म्हनतं?" ते म्हणाले. "सोमवारी प्रस्थान ठेवू. मंग तू शुक्करवारी जाय निवांत."

प्रस्थान ठेवणं आमच्याकडे पूर्वीपासून आहे. चांगल्या दिवशी स्वतः निघणं जमत नसेल तर आपल्या ऐवजी आपली वस्तू निघते. पिवळ्या फडक्यात मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि जाणाऱ्याच्या अंगावरचं काहीतरी, माझा रुमाल, असं बांधायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या बाजूच्या घरी नेऊन ठेवायचं. मग पाच दिवसांच्या आत खरं निघताना ते उचलून पुढे जायचं. तुम्ही गेलात ते गाठोडं गेलं त्या दिवशी. आमच्या घराच्या पश्चिमेला समोरच्या मावशींचं घर होतं. मावशी पोलक्यांना हूक लावून द्यायच्या आणि गल्लीतली सगळी प्रस्थानं त्यांच्या शिवणाच्या मशीनवर ठेवलेली असायची.

इथवर माझी काही हरकत नव्हती. पण मोठेबाबा नियम अर्धवट पाळणारा माणूस नव्हे. सोमवारी गाठोडं गेलं की त्यांच्या लेखी मी गेले. कुणी दारात येऊन विचारलं, पोरगी आली म्हणे, तर ते ओट्यावरूनच सांगायचे, "ते गेली." आणि मी आत बसून दराब्याची मिठाई खात असायची. माझ्या मैत्रिणी दारातून परत गेल्या. एकदा मी रागाने बाहेर येऊन उभी राहिले तर म्हणाले, "अंदर जाय. लोकाईले काय वाटीन?" वडील हसायचे. मला तेव्हाही हसू येत नव्हतं.

पीएच.डी. संपत आली तसं मला एका सरकारी मृदा खात्यात काम मिळायची चिन्हं दिसू लागली. अट एकच, नागरिकत्वाचा अर्ज भरल्याची पावती दाखवायची. त्यांनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली, पण एका ठरलेल्या दिवसापर्यंतच. मी फॉर्म भरायला बसले. त्यात गेल्या चार वर्षांत देशाबाहेर किती दिवस होतात ते तारखेनिशी लिहायचं होतं. आणि माझा जुना पासपोर्ट मी एका हिवाळ्यात कोटाच्या खिशात ठेवून कोटासकट धुलाईच्या मशीनमध्ये टाकलेला होता. शिक्क्यांचा निळा लगदा झाला होता. तिकिटांच्या पावत्या मी कधी ठेवल्या नाहीत.

मी वडिलांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, त्यांच्या गोल, सरळ मास्तरी अक्षरात. "मोठेबाबांनी तीन वर्षांची पंचांगं काढून दिली. त्यात त्यांनी तुझं येणं आणि जाणं लाल शाईने लिहून ठेवलं आहे. ते पाहून यादी पाठवतो." खाली सहा तारखा, प्रत्येकीपुढे वार आणि तिथी. घरून निघाल्यावर तिथे पोचायला मला दोन दिवस लागायचे, ते मी धरले आणि फॉर्म भरला. वजाबाकी तीनदा करून पाहिली. ठरलेल्या दिवसापर्यंत नऊ दिवस जास्तीचे होत होते. म्हणजे तोवर आजारी पडायला, वेडं व्हायला, कुठे जायला माझ्याजवळ नऊ दिवस होते.

एक्केचाळीस दिवस उरले असताना वडिलांना अर्धांगाचा झटका आला.

फोन मोठेबाबांनी केला. आवाजात काही फरक नव्हता. उजवी बाजू गेली, बोलता येत नाही, डॉक्टर येऊन बघतात, असं त्यांनी तहसीलीतला कागद वाचावा तसं सांगितलं. मी म्हटलं, मी निघते.

"कायले येतं? तुह्ये दिवस मोडतीन. किती राह्यले?"

"एक्केचाळीस."

"आन् जास्तीचे किती हायेत?"

"नऊ."

"नवातले निम्मे तं येन्या-जान्यातच जातीन. मंग बस ना तठी. सरकारी काम आहे बेटा. एक दिवस कमी पडला तं अर्ज वापस येतो. मले मालूम आहे, म्या किती वापस केले."

मग त्यांनी फोन वडिलांच्या कानाला लावला. मी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे ओट्याशी थांबलेल्या भाजीवाल्याची आरोळी.

मी गेले नाही. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढे मी सगळा दोष मोठेबाबांच्या माथी मारणार आहे. मी गेले नाही. रोज सकाळी फोन करायची आणि रोज ते म्हणायचे, तसंच आहे. एकोणिसाव्या दिवशी म्हणाले, "गेला. अग्नी दिला मी. तापीवर राजघाटाले नेलं." मी विचारलं, दहाव्याला तरी येऊ का. ते म्हणाले, "बावीस राह्यले ना? पुरे कर."

मला तो टोमणा वाटला. बापापेक्षा तुला दिवस जास्त झाले ना, घे मग, असं ते म्हणत होते असं मला वाटलं. मी बावीस फुल्या मारल्या. तेविसाव्या दिवशी अर्ज टपालात टाकला, पावती घेतली आणि नोकरीवर रुजू झाले. पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर कुणीतरी फुलं ठेवली होती.

आठ महिन्यांनी मला मुलाखतीला बोलावलं. समोर एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती. बोलायला शांत, कपाळावर आठी नाही. तिच्यापुढे माझा फॉर्म होता आणि शेजारी सीमेवरच्या नोंदींचा कागद.

"तुम्ही लिहिलंय की पहिल्या खेपेला तुम्ही बुधवारी परत आलात," ती म्हणाली. "आमच्या नोंदीत तुम्ही रविवारी आलात. चार दिवसांचा फरक. दुसऱ्या खेपेला पाच. तिसऱ्या खेपेला तीन. चूक कुणाचीही होते, पण तिन्ही वेळा तुमच्याच फायद्याची?"

मी पिशवीतून वडिलांचं पत्र काढलं. ते माझ्याजवळ नेहमी असायचं. मी तारखांवर बोट ठेवून वार वाचले. सोमवार. मंगळवार. मंगळवार. मी तर दोनदा शुक्रवारी निघाले होते आणि एकदा रविवारी. ते माझं जाणं नव्हतंच. ती गाठोड्याची तारीख होती. लाल शाईने, तिन्ही वेळा, मोठेबाबांनी गाठोडं गेलं त्या दिवशी मला घालवलं होतं, आणि वडिलांनी ते विश्वासाने उतरवून काढलं, आणि अक्षर वडिलांचं म्हणून मी वार तपासले नाहीत.

"या दिवशी मी निघाले नव्हते," मी म्हटलं. "माझा रुमाल निघाला होता."

तिने पेन खाली ठेवलं. मी तिला सगळं सांगितलं, तांदूळ, हळकुंड, सुपारी, मावशींचं शिवणाचं मशीन. तिने मध्ये एकदाच विचारलं, "आणि ते चार दिवस तुम्ही कुठे असायचात?" मी म्हटलं, घरातच. ती म्हणाली, "पण घरचे तुम्हाला गेलेली समजायचे." मी हो म्हटलं. ती जराशी हसली, आणि त्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं, पण मला तिचं टेबल उलथून टाकावंसं वाटलं.

ती म्हणाली, तुम्ही खोटं बोलत नाही हे मला दिसतंय. पण बारा दिवस वजा केले की तुमचे तीन दिवस कमी पडतात, आणि मला तीन दिवस कुठून आणता येत नाहीत. नव्याने अर्ज करा.

अर्ज नामंजूर झाला आणि त्या पावतीवर मिळालेली नोकरीही गेली. ते मी सोसलं असतं. मला झोपू देत नव्हती ती वेगळीच गोष्ट. माझ्याजवळ ते नऊ दिवस कधी नव्हतेच. मी मोजत होते तेव्हाही अर्ज वेळेत भरणं शक्य नव्हतं. मी तिथे बसले काय आणि उठून गेले काय, शेवट एकच होता. मी गेले असते तर वडिलांच्या उशाशी एकोणिसातले सतरा दिवस बसले असते, आणि काहीच बिघडलं नसतं.

त्या रात्री मी ठरवलं की मोठेबाबांना मी सोडणार नाही.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी बुऱ्हाणपूरला गेले. आता मोडायला दिवसच उरले नव्हते. स्टेशनवरून रिक्षाने घरी आले. मोठेबाबा काळा चष्मा लावून ओट्यावर बसले होते. काचबिंदू निघाला होता, डाव्या डोळ्याचा दाब फार वाढला होता. जळगावला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, श्राद्धानंतरचा शुक्रवार. मी मनात म्हटलं, शुक्रवार. वा.

श्राद्ध झालं, ब्राह्मण जेवून गेले, मावशींनी भांडी आवरली. मी वडिलांचं पत्र मोठेबाबांच्या पुढे ठेवलं.

"या तारखा खोट्या आहेत."

त्यांनी चष्मा काढला, भिंग घेतलं आणि कागद उजव्या डोळ्याजवळ नेला. बराच वेळ वाचत होते.

"खोट्या कशा? सोमवारी प्रस्थान ठेवलं ना आपन. मंग सोमवारीच गेली तू."

"मी शुक्रवारी गेले. सोमवारी मी याच घरात होते. तुमच्या पुढ्यात."

"होती," ते म्हणाले, "पन गेली होती."

मी किंचाळले नाही. मी त्यांना सांगितलं की बारा दिवसांमुळे काय झालं. तीन दिवस कमी पडले, अर्ज गेला, नोकरी गेली, आणि पप्पांना मी विनाकारण एकटं मरू दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पत्राची घडी घातली, होती तशीच, आणि मला परत दिली. चुकलं म्हणाले असते तर कदाचित मी पुढचं केलं नसतं. नक्की सांगता येत नाही.

सोमवारी त्यांनी स्वतःचं प्रस्थान ठेवलं. पिवळं फडकं, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि त्यांची पांढरी टोपी. जळगावही आम्हाला पश्चिमेलाच. गाठोडं मावशींच्या मशीनवर गेलं आणि त्या क्षणापासून मोठेबाबा गेले. कुणी हाक मारली तर ओ देत नव्हते, पानावर बसले तरी पाहुण्यासारखे, पुन्हा काही मागत नव्हते. स्वतःलाही त्यांनी सूट दिली नव्हती, हे मी तेव्हा पाहिलं, पण पाहून न पाहिल्यासारखं केलं.

बुधवारी दुपारी गल्ली सुस्तावलेली असताना मी समोर गेले. मावशी पोलक्याला हूक लावत होत्या.

"मोठेबाबांनी गाठोडं मागितलंय," मी म्हटलं.

"वापस?" मावशींनी सुई थांबवली. "असं नाई करत बेटा."

"त्यांनीच सांगितलंय."

मावशींनी मला लहानपणापासून पाहिलेलं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी ते पदराखाली घरी आणलं आणि देवांपुढे ठेवलं. गेलेला माणूस घरी परत आला, मुहूर्त मोडला. मला काय हवं होतं ते स्वच्छ सांगते. शुक्रवारी जेव्हा त्यांना कळेल तेव्हा रिक्षा दारात उभी असेल, गाडीची वेळ झालेली असेल, डॉक्टर वाट बघत असेल. डोळ्यासाठी माणूस जाणारच. पंचांग गुंडाळून, नियम पायाखाली घालून, वाईट दिवशी, गल्लीच्या देखत ते जातील, आणि मी दारात उभी राहून बघेन. मला त्यांचा डोळा नको होता. मला तो पाय उंबऱ्याबाहेर पडलेला बघायचा होता.

शुक्रवारी सकाळी ते रिक्षात पिशवी ठेवून समोर गेले. मावशींनी दारातच सांगितलं, "तुमची पोरगी घेऊन गेली ना परवा."

मोठेबाबा रस्त्याच्या मधोमध थांबले. एक सायकलवाला घंटी वाजवत त्यांना वळसा घालून गेला. मी आमच्या दारात गाठोडं हातात घेऊन उभी होते.

"जा ना," मी म्हटलं. "अकराची गाडी आहे. तुम्ही गेलातच नाही कधी, इथेच होतात. आता खरे जा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काळ्या चष्म्यामागे काय होतं ते दिसलं नाही. मग त्यांनी रिक्षावाल्याला हात केला, पिशवी उतरवून घेतली, घरात आले, आणि गावाहून परतलेला माणूस धुतो तसे मोरीवर पाय धुतले.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, तासभर मला फार बरं वाटलं. मग घड्याळात अकरा वाजले आणि ते खाटेवर तसेच बसून होते.

मी म्हटलं, "पुढची गाडी आहे. चला, मी येते बरोबर."

"प्रस्थान मोडलं. आता नाई."

"डोळा जाईल तुमचा. काचबिंदू थांबत नसतो."

"जाईन तं जाईन." मग भिंतीकडे तोंड करून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुह्या बापाच्या टायमाले तू आली का? नाई आली. दिवस होते तुह्ये. सारी गल्ली बोलत होती, पोरगी आली नाई, पोरगी आली नाई. म्या सांगितलं सगळ्याईले, तिचे सरकारचे दिवस हायेत, ते मोडता येत नाई. एकाले बोलू नाई देलं."

मी त्यांच्यासमोर उभी होते आणि माझ्या हातात ते पिवळं गाठोडं होतं. वर्षभर मी ज्याला टोमणा समजत होते तो टोमणा नव्हता. त्या माणसाला तिथी आणि कॅनडा यांत काही फरकच वाटत नव्हता. नेमलेला दिवस मोडायचा नाही, मग तो कुणीही नेमलेला असो. त्यांनी माझे दिवस माझ्याहून जास्त मानले होते. आणि मी त्यांचा दिवस मोडून ठेवला होता.

मी रडले, भांडले, डॉक्टरांना फोन केला. मावशींना मध्ये घातलं, पण मावशी माझ्याशी बोलल्याच नाहीत, आजतागायत धड बोलत नाहीत. पुढची तारीख मिळाली ती पितृपक्षात. त्यांनी नकार दिला. त्यानंतरची मिळाली तेव्हा मी कॅनडात परतले होते. जळगावला गेले ते, चांगल्या दिवशी, प्रस्थान न ठेवता. डॉक्टर म्हणाले, उजवा वाचवू, डाव्यात आता काही उरलेलं नाही.

कॅनडाने मला नागरिकत्व दिलं, दुसऱ्या अर्जाला. या वेळी तारखा मी तिकिटांवरून लिहिल्या. शपथेच्या दिवशी सभागृहात सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. मी हात वर करून शपथ घेतली, आणि माझ्या मनात होतं ते एवढंच की हे मला तेव्हा तीन दिवस उशिरा मिळालं असतं तरी चाललं असतं. त्यांच्यावरचा राग गेला असं मी म्हणणार नाही. बारा दिवस त्यांनी खाल्ले ते खाल्लेच. पण आता तो राग काढायला मला जागा सापडत नाही, आणि त्याचाही मला राग येतो.

मागच्या वर्षी व्हिसा काढून मी माझ्याच गावी गेले. मोठेबाबा आता फार थकलेत. उजव्या डोळ्याने उजेड-अंधार आणि माणसाचा आकार तेवढा दिसतो. निघायच्या आधी मला म्हणाले, पंचांग वाचून दाखव, शुक्रवार कसा आहे. मी बरा आहे म्हणून सांगू शकले असते. त्यांना दिसणार नव्हतं. मी जसं होतं तसं वाचलं. सोमवारी तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि माझा रुमाल पिवळ्या फडक्यात बांधून मी स्वतः समोर नेऊन ठेवला. मावशींनी मान वर केली नाही, पण मशीनवर जागा करून दिली.

बुधवारी संध्याकाळी वडिलांचा एक जुना विद्यार्थी डोईफोडियाहून केळीची फणी घेऊन आला. ओट्याखाली उभ्यानेच त्याने विचारलं, "गुरुजींची मुलगी आलीय असं ऐकलं. भेटून घ्यावं म्हटलं."

"ते गेली," मोठेबाबा म्हणाले. "सोमवारीच गेली."

मी त्यांच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मग मोठेबाबांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी इथे नाही, अशा अर्थी मी मान हलवली. त्याने केळी ओट्यावर ठेवली, नमस्कार केला आणि तो वळून वाटेला लागला. तो दिसेनासा होईपर्यंत मी तशीच उभी राहिले.